एक जूनची माणसं

"सही कर, शाल्मली," चव्हाण सर म्हणाले. पेनचं टोपणही त्यांनीच काढून दिलं.

मी पेन घेतलं, पण हात कागदापर्यंत जाईना.

मे महिन्याची एकतीस तारीख. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका सरकारी कचेरीतली बैठकीची खोली. खिडकी एकच, तीही गजांची. एसी होता, पण त्यातून गारव्याऐवजी पाणी पडायचं. खाली कुणीतरी रंगाचा रिकामा डबा ठेवला होता. टप्. टप्. दाराला स्प्रिंग होती. ते आपोआप धाडकन मिटायचं आणि दर वेळी मी दचकायचे. मुलींची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून आमचे मोबाइल एका पत्र्याच्या पेटीत घालून पेटीला कुलूप लावलं होतं. किल्ली इलंगोवन साहेबांच्या खिशात.

कागदावर चारच ओळी होत्या. परिषदेने सदर यादी तपासली असून ती निर्दोष आहे, असं त्यात लिहिलं होतं. खाली तीन सह्यांची जागा. अध्यक्ष म्हणून सरांची झाली होती. चिटणीस आजारी होते, त्यांनी आदल्या दिवशीच करून पाठवली होती. तिसरी माझी, कारण यादी साफ करणारा प्रोग्राम मी लिहिला होता.

"पाच वाजता सदर यादी मुंबईला रवाना होणे आवश्यक आहे," इलंगोवन साहेब म्हणाले.

ते तिथले प्रकल्प अधिकारी. माणूस तिशीतला, मूळचा तमिळनाडूतल्या कुठल्याशा खेड्यातला. मराठी शिकले ते फायली वाचून, त्यामुळे चहा आला तरी म्हणायचे, "सदर चहा थंड होत आहे." सकाळी समोशांची बशी पुढे करताना "उपरोक्त समोसे घ्यावेत" म्हणाले, तेव्हा मी हसू दाबायला खाली वाकले होते. आता साडेबारा वाजले होते आणि हसायला काही उरलं नव्हतं.

संगणक व्यावसायिकांची आमची परिषद म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हतं. आमच्या शाखेत चाळीसेक सभासद: कॉलेजचे प्राध्यापक, दोन बँकांतले सिस्टिमवाले, आणि माझ्यासारखे नुकते कुठे नोकरीला लागलेले. वर्षाला चार व्याख्यानं, एक स्पर्धा, आणि दर बैठकीला बटाटेवडे. त्या वर्षी सरांनी मनावर घेतलं. सरकारला फुकट काहीतरी करून द्यायचं. आदिवासी मुलींच्या वसतिगृहांच्या यादीत एकच नाव दोनदोनदा आलंय, अशी ओरड होती. ती दुहेरी नावं आम्ही शोधून द्यायची.

मी नियम लिहिला. मुलीचं नाव, वडिलांचं नाव, गाव, जन्मतारीख. चारही गोष्टी जुळल्या तर मुलगी एकच. सहा हजारांच्या यादीतून चारशे बारा नावं उडाली. सर खूश. दिल्लीच्या अधिवेशनात आमच्या शाखेचं नाव पुरस्कारासाठी गेलं. सकाळी गाडीत त्यांनी मला पाकीट दाखवलं होतं. सरांच्याच कॉलेजातली माझी नोकरी अकरा महिन्यांच्या कराराची. तिथे मला कायम करावं, असं त्यांचं शिफारसपत्र त्या पाकिटात होतं. "आज माझा नोकरीचा शेवटचा दिवस," ते म्हणाले होते. "साडेसातला निरोप समारंभ. जाताना दोन कामं उरकून जातो. हे प्रमाणपत्र, आणि तू."

पण कचेरीच्या पायऱ्यांवर वसावे बाईंनी मला गाठलं होतं. डोंगरातल्या एका वसतिगृहाच्या त्या अधीक्षिका. त्यांच्यासोबत एक पावरा बाई होती, आणि शाळेच्या गणवेशातली मुलगी. सुट्टी असूनही गणवेश. चोपून तेल लावलेल्या दोन वेण्या, लाल फिती.

"मॅडम, यादी तुम्हीच केलीत ना? आमची बुधी गेली हो त्यातून."

"अर्ज साहेबांकडे द्या," सर चालता चालता म्हणाले, आणि मीही चालत राहिले. दार माझ्यामागे धाडकन मिटलं.

आता गजांतून व्हरांड्याचा तुकडा दिसत होता. त्या तिघी तिथेच बसल्या होत्या. मुलगी फितीचं टोक तोंडात धरून चघळत होती. आईने तिच्या हातावर चापट मारून ती ओढून काढली. थोड्या वेळाने फीत पुन्हा तोंडात.

"मला जरा बाथरूमला जायचंय," मी म्हणाले.

"पाच मिनिटे," इलंगोवन साहेब म्हणाले. "मोबाइलला हात न लावता."

बाथरूम व्हरांड्याच्या टोकाला होतं. मी तिथवर गेलेच नाही.

"तुमच्या वसतिगृहात बुधी किती?" मी वसावे बाईंना विचारलं.

"दोन. दोघी बुधी दित्या पावरा. दोघी एकाच पाड्याच्या, दोघी चौथी पास. मला दोन दिसतात, मॅडम. तुमच्या कॉम्प्युटरला एक दिसते."

"पण वडीलही एकाच नावाचे?"

"अहो, आमच्याकडे ज्या वारी पोर जन्मतं, तसं नाव ठेवतात पुष्कळदा. बुधवारची ती बुधी. रविवारचा तो दित्या. पाड्यावर सात दित्या आहेत. हाक मारली तर चौघं वळून बघतात."

"आणि जन्मतारीख? दोघींची एक जून?"

वसावे बाई हसल्या. लहान पोराला समजावण्याआधी हसतात तसं.

"पाड्यावर सगळ्यांचीच एक जून. गुरुजी पोरं गोळा करून शाळेत घालतात. कागद नसतो. वय बसलं पाहिजे म्हणून एक जून लिहितात. माझीपण एक जूनच आहे."

मी त्या बाईकडे वळले. तिचं नाव रेवली. पायात चांदीचे जाड वाळे, पावलं धुळीने पांढरी झालेली. पहाटे चालायला लागल्या होत्या, मग जीप.

"हिला विचारा ना, बुधी खरी कधी झाली ते."

वसावे बाईंनी पावरीत विचारलं. रेवलीने मला नीट न्याहाळलं. हा काय प्रश्न झाला, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. मग ती बोलायला लागली ते थांबेचना. हात पुढे-मागे होत होते, एकदा तिने कमरेवर हात ठेवून वाकून दाखवलं, एकदा ढोल वाजवल्याची खूण केली. मुलगी फीत सोडून ऐकत होती. तिला सगळं पाठ असावं, कारण एका ठिकाणी आई बोलायच्या आधीच ती हसली.

"होळीच्या आधी आमच्याकडे भोंगऱ्याचा बाजार भरतो," वसावे बाई सांगू लागल्या. "ढोल, बासऱ्या, सगळे डोंगर उतरून येतात. ही नवव्या महिन्यात असून हट्टाने गेली. गूळ घेतला, फुटाणे घेतले, आणि तिथेच कळा सुरू झाल्या. बैलगाडीखाली लुगडी बांधून आडोसा केला. म्हणते, ढोल इतके वाजत होते की मी किती ओरडले ते कुणाला कळलंच नाही. दुसरी बुधी नवं धान्य आलं तेव्हाची. नवाईची. मध्ये अर्धं वर्ष गेलंय, मॅडम."

माझी लेक आता साडेतीन वर्षांची आहे. दुपारी ती तासभर झोपते, तेवढ्यात हे लिहून घेतेय. तिच्या जन्माची गोष्ट तीही अशीच ऐकते, पुढचं पाठ असताना. रिक्षा कुठे बंद पडली, बाबा कुठली चप्पल घालून धावले, नर्स काय म्हणाली. त्या दुपारी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी पंचवीस वर्षांची होते आणि मला एवढंच कळलं की आता परत आत जाऊन बोलावं लागणार. कारण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नव्हती.

दार धाडकन मिटलं. टप्. टप्.

"झालं? बस. सही कर, म्हणजे जेवायला सुटू," सर म्हणाले.

"सर, नियम चुकलाय."

"नियम तू लिहिलायस."

"म्हणून तर सांगतेय."

मी बुधीचं सांगितलं, दित्यांचं सांगितलं. सरांनी चष्मा काढून पुसला. "एखाददुसरी चूक प्रत्येक यादीत असते. ती मुलगी वेगळा अर्ज करेल. काय हो साहेब?"

"वेगळ्या अर्जास तरतूद आहे," इलंगोवन साहेब म्हणाले. "तथापि निर्णयास चार ते सहा महिने लागतात."

"म्हणजे वर्ष गेलं," मी म्हणाले. "आणि ती एकटी नाही, सर. सगळीकडे वारांची नावं आणि सगळीकडे एक जून असेल, तर चारशे बारापैकी बहुतेक खऱ्या मुली आहेत."

"ऐन वेळी सुचतंय तुला हे?"

"नाही." मी पेन उचलून टोपण लावलं. "यादीत पाचवा रकाना होता. आईचं नाव. तो मी काढून टाकला."

डब्यात थेंब पडला. दोघं माझ्याकडे बघत होते.

"निम्म्या ठिकाणी तो रिकामा होता, सर. कुठे नुसतं 'बाई' लिहिलेलं. तो ठेवला की शंकेच्या नोंदी हजारावर जायच्या, प्रोग्राम अडायचा. तुम्ही म्हणाला होतात, यादी स्वच्छ दिसली पाहिजे. रकाना काढला आणि ती स्वच्छ झाली. मी कुणाला बोलले नाही."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग आवाज न चढवता म्हणाले, "तुला कळतंय का तू काय करतेयस? पंचवीस वर्षं ही शाखा मी उभी केली. खुर्च्यासुद्धा भाड्याने आणल्यात. आणि आज, शेवटच्या दिवशी, मी लेखी देऊ की आम्हाला काम येत नाही?"

"सर, मी सही नाही करणार."

"नको करूस! मग काय होईल? साहेब, सांगा हिला."

इलंगोवन साहेबांनी खिशातली किल्ली काढून बोटात उगाच फिरवली. "प्रमाणपत्राविना यादी जाणार नाही. यादी न गेल्यास पंधरा जूनला एकही वसतिगृह उघडणार नाही. सहा हजार मुली घरी." मग फाइलमधली मराठी जरा बाजूला ठेवून म्हणाले, "मॅडम, मी पण अडकलो आहे."

म्हणजे सही केली तर चारशे जणी बाहेर, नाही केली तर सगळ्याच. मी खिडकीकडे बघितलं. बुधीने फीत पूर्ण सोडली होती आणि आई ती पुन्हा बांधून देत होती.

"चुकीच्या फक्त चारशे बाराच आहेत ना?" मी म्हणाले. "सहा हजारांच्या आया नकोत, तेवढ्यांच्याच पुरेत. शाळांच्या जनरल रजिस्टरात आईचं नाव असतं. शाळा सतराच आहेत. फोन केले तर पाचपर्यंत होईल."

"उपाय शक्य आहे," इलंगोवन साहेब सावकाश म्हणाले. "परंतु परिषदेच्या अध्यक्षांनी नियम सदोष असल्याचे लेखी दिल्याशिवाय मला यादी उघडता येत नाही."

आम्ही दोघं सरांकडे बघू लागलो. सरांनी मान हलवली. नाही.

तेव्हा माझ्या तोंडून ते निघून गेलं. ठरवून बोलले नव्हते. दर वर्षी आम्ही शाखेत केक आणायचो, सर तो कापायचे आणि सगळ्यांना वाटायचे. स्वतः तुकडा हातात धरून कुठेतरी ठेवून द्यायचे. मला वाटायचं, साखर असेल त्यांना.

"सर, उद्या तुमचा वाढदिवस. एक जून."

"मग?"

"तुमचा खरा वाढदिवस कधी असतो?"

त्यांचा चेहरा असा झाला की मी घाबरले. आता हे पाकीट फाडणार, आणि गाडीतूनही उतरवणार, असं वाटलं. एसीचा थेंब पडला, आणखी एक पडला. सर उठून खिडकीशी गेले. पाठ आमच्याकडे.

"आमचा तांडा माहितीय तुला कुठे होता? नसेल माहीत. मी कधी सांगितलं नाही." ते गजांना धरून बोलत होते. "गुरुजींनी एका दिवसात अकरा पोरं लिहिली. अकराही एक जून. त्यात तीन तुकाराम. घरी मला पोमा म्हणायचे, पण गुरुजींना तुकाराम आवडायचं. आडनाव सगळ्यांचं चव्हाण. दोघांचे बाप पण एकाच नावाचे, माझे आणि दुसऱ्या एकाचे."

ते वळले. रागावलेले नव्हते. थकलेले दिसत होते.

"तेव्हा तू आणि तुझा प्रोग्राम असतात, तर आमच्यातला एक गेला असता. मी राहिलो असतो का तो, कुणास ठाऊक." मग त्यांनी हात पुढे केला. "कागद आण. आणि साहेब, ती पेटी उघडा."

पुढचे चार तास मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. सरांनी लिहिलेला कागद: 'नियम आमच्या परिषदेने तयार केला, तो सदोष आहे, जबाबदारी माझी.' माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. वसावे बाई आत येऊन बसल्या. फोन लावायचे, तिकडून कुणीतरी लग्नाच्या मांडवातून बोलायचं, कुणी शेतातून. "रजिस्टर शाळेत आहे, मॅडम." "मग शाळेत जा ना दादा!" सर स्पीकरवर ओरडत होते, "आईचं नाव! आईचं! अहो, बापाचं आहे आमच्याकडे!" इलंगोवन साहेब बाह्या सरसावून टाइप करत होते आणि मधूनच विचारत होते, "सदर 'ठुमली' आणि 'ठुमाली' एकच का?" त्यावर वसावे बाई, "नाही हो साहेब, ती वेगळी, तिचा नवरा ट्रॅक्टर चालवतो."

पावणेपाचला हिशेब लागला. तीनशे एक्क्याहत्तर मुली परत आल्या. खरोखरची दुहेरी नावं तेवीसच निघाली. एका शाळेला फोन लागलाच नाही, तिच्या सतरा जणींसाठी सर म्हणाले, "शंका असेल तिथे नाव ठेवायचं. उडवायचं नाही."

उरली एक. बुधी.

वसावे बाईंनी स्वतःच्याच रजिस्टराचं पान उघडलं आणि कपाळावर हात मारला. दुसऱ्या बुधीच्या आईचं नावही रेवली होतं.

"पाचही रकाने समान," इलंगोवन साहेब पुटपुटले. "एक नोंद आपोआप रद्द होत आहे." त्यांनी दोनदा करून बघितलं. दोनदा बुधी गेली.

"तारीख बदला," मी म्हणाले.

"मला तो अधिकार नाही. शाळेचा दाखला एक जून म्हणतो."

"शेऱ्याचा रकाना आहे ना?" सर म्हणाले. "शेरा भरलेला असला की नोंद आपोआप उडत नाही. बरोबर ना, शाल्मली?"

"बरोबर."

"मग फरक काय तो तिथे लिहा. तिच्या आईला विचारून लिहा."

रेवलीला आत बोलावलं. ती चपला दाराबाहेर काढून आली, बुधी तिच्या लुगड्याला धरून. दार धाडकन मिटलं तशी दोघी दचकल्या, मी दचकायचे तशाच. वसावे बाई सांगत गेल्या आणि साहेब एका बोटाने टाइप करत गेले. मग त्यांनी मोठ्याने वाचलं:

"सदर मुलगी भोंगऱ्याच्या बाजारात, बाजार भरताना, बैलगाडीखाली जन्मली. सबब ती वेगळी आहे."

वसावे बाईंनी ते पावरीत सांगितलं. रेवलीने मान हलवली. काहीतरी ठामपणे बोलली.

"काय म्हणते?"

"म्हणते, चूक आहे. बाजार भरताना नाही. बाजार उठताना. भरताना तर ही गूळ घेत होती."

घड्याळात पाचला सात मिनिटं कमी होती. साहेबांनी रेवलीकडे पाहिलं, मग पडद्याकडे. एक एक अक्षर खोडलं, आणि पुन्हा लिहिलं. बाजार उठताना.

"आता?"

रेवलीने ऐकलं, आणि मग मान डोलावली. साहेबांनी बटण दाबलं. बुधी राहिली. मी सही केली आणि यादी मुंबईला गेली.

परतीच्या वाटेवर सरांचा फोन सारखा वाजत होता. निरोप समारंभाला लोक जमले होते, शाल-श्रीफळ तयार होतं, प्राचार्य खोळंबले होते. आम्ही अजून दीड तास लांब होतो. शेवटी सरांनी फोन बंद केला. पुरस्कार त्या वर्षी दुसऱ्या कुठल्या शाखेला गेला, पण ते पुढचं. गाडीत त्यांनी पाकीट काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

घाट उतरल्यावर म्हणाले, "उद्या केक आणू नका."

"नाही आणणार, सर."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, त्यांना झोप लागली. मग काचेकडे तोंड करून ते म्हणाले:

"आई तीन वर्षांपूर्वी गेली. शेवटपर्यंत तिला सगळं स्वच्छ आठवायचं. कुठल्या सालचा दुष्काळ, कुठल्या बैलाचं काय. मी कधी विचारलंच नाही बघ तिला."